धुरजड कीं उलाळ? : मोटारघरामागें ट्रेलर ओढण्याविषयीं

बैलगाडींत माल भरून झाला, कीं जुना अनुभवी गाडीवान बैल जुंपण्यापूर्वीं एक गोष्ट हटकून करी. गाडीच्या पुढच्या दांड्या हातांनीं किंचित् उचलून तो त्यांचा भार अजमावी. भार फार लागला, तर गाडी ‘धुरजड’ झाली. म्हणजे सारें ओझें आतां बैलांच्या मानेवर येणार. दांड्या आपोआप वर जाऊं लागल्या, तर गाडी ‘उलाळ’ झाली. म्हणजे जोखड वर उचललें जाऊन गळपट्ट्यांनीं बैलांचे गळे आवळणार, आणि चढावर तर गाडी मागेंच कलंडणार. मग दोन पोतीं पुढचीं मागें किंवा मागचीं पुढें सारून, जोखडावर बेताचा भार राहील अशा बेतानें तो गाडी तोली. भार फार नको, पण अजिबात नाहीं असेंही नको. या दोन शब्दांत साठविलेल्या शहाणपणावर आज अमेरिकेंतील आणि युरोपांतील प्रशस्त राजमार्गांवर पुष्कळ माणसांचे जीव अवलंबून असतात. कारण तेथें मोटारघरामागें होडी जोडून ताशीं शंभर किलोमीटरच्या घरांत धांवणारीं कुटुंबें सुटीच्या दिवसांत जागोजाग दिसतात.

मोटारघर म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. त्यांत निजण्यास खाटा, स्वयंपाकास चूल, शीतकपाट, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या असें सारें असतें. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत हा प्रवासाचा प्रकार फार लोकप्रिय आहे, आणि तिकडे स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंही अशीं घरें भाड्यानें घेऊन किंवा विकत घेऊन भटकावयास निघतात. घर बरोबर असलें, तरी मुक्कामावर पोंचल्यावर हौस भागत नाहीं. तळ्यांत फिरावयास होडी हवी, गांवांत जावयास लहान मोटार हवी. मग तीं मागें जोडलीं जातात.

या हौसेचा इतिहास घोड्यांपासून सुरू होतो. १८८५ सालीं विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या डॉक्टरनें ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाची एक प्रवासगाडी बांधवून घेतली. सुमारें दोन टनांची ती गाडी दोन घोडे ओढीत. केवळ आनंदासाठीं असें फिरतें घर वापरणाऱ्यांत या गृहस्थांची गणना अगदीं आरंभीं होते. परंतु जनावर आणि यंत्र यांत एक मोठा भेद आहे. ओझें खुपूं लागलें, तर बैल किंवा घोडा मान झाडतो, अडतो, बसकण मारतो. यंत्र तक्रार करीत नाहीं. शंभर-दीडशें अश्वशक्तीचें इंजिन चुकीचें भरलेलें ओझें निमूटपणें ओढीत राहतें, आणि चूक कळते तेव्हां बहुधा ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

ट्रेलर पुढच्या गाडीला एकाच बिंदूंत जोडलेला असतो. गाडीच्या मागें एक लोखंडी गोळा, आणि त्यावर बसणारी ट्रेलरच्या दांडीची वाटीसारखी पकड. या गोळ्याभोंवतीं ट्रेलर डावीउजवीकडे मोकळेपणानें वळूं शकतो. वळला नाहीं, तर रस्त्याचें वळणच घेतां येणार नाहीं. पण हाच मोकळेपणा संकटाचें मूळ आहे. शेजारून मोठा मालट्रक वेगानें गेला, वाऱ्याचा झोत आला, किंवा चालकानें सुकाणूंचें चाक जरा झटक्यानें फिरविलें, कीं ट्रेलरची शेपटी एका बाजूस सरकते. चाकांच्या टायरांची रस्त्यावरील पकड तिला परत ओळींत आणूं पाहते. ती ओळ ओलांडून दुसऱ्या बाजूस जाते. पुन्हा परत येते. ट्रेलर नीट भरलेला असेल आणि वेग बेताचा असेल, तर प्रत्येक झोका आधींच्या झोक्यापेक्षां लहान होत जातो आणि दोन-तीन हेलकाव्यांत सारें शांत होतें. परंतु प्रत्येक जोडीला एक विशिष्ट वेगमर्यादा असते, आणि ती ओलांडली कीं झोके लहान होण्याऐवजीं मोठे होऊं लागतात. मग ट्रेलरच पुढच्या गाडीला शेपटीकडून धरून हलवूं लागतो. शेवटीं तो आडवा होतो, आणि पुष्कळदां गाडीलाही आडवी करतो.

ही मर्यादा कोठें असावी, हें मुख्यतः वजनाच्या मांडणीवर ठरतें. एकाद्या फिरत्या पट्ट्यावर खेळण्यांतली मोटार आणि तिच्यामागें छोटा ट्रेलर ठेवून हें प्रत्यक्ष दाखवितां येतें. ट्रेलरवरील सरकतें वजन पुढच्या बाजूस असेल, तर बोटानें धक्का दिला तरी ट्रेलर एकदोनदां हलून सरळ होतो. तेंच वजन चाकांच्या मागें सरकवावें आणि तितकाच धक्का द्यावा. ट्रेलर झोके घेऊं लागतो आणि मोटारीसह उलटून पडतो. वजन तेंच, वेग तोच, धक्काही तोच. फरक एवढाच, कीं गाडी उलाळ झाली.

म्हणून गोळ्यावर दांडीचा भार पडलाच पाहिजे, आणि तो मोजूनमापून पडला पाहिजे. अमेरिकेंत भरलेल्या ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार गोळ्यावर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ब्रिटनमध्यें हेंच प्रमाण शेंकडा ५ ते ७ सांगतात. हजार किलोची होडी ट्रेलरसह जात असेल, तर अमेरिकन हिशेबानें शंभर ते दीडशें, आणि ब्रिटिश हिशेबानें पन्नास ते सत्तर किलो भार गोळ्यावर हवा. युरोपांतील गाड्यांच्या गोळ्यांना सोसणारा भार बहुधा कमी असतो आणि ट्रेलर ओढतांनाचा वेगही तेथें कमी ठेवतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोन आंकड्यांचा विरोध फारसा उरत नाहीं. कोणत्याही देशांत गोळ्यावर आणि गाडीवर कोरलेली भारमर्यादा मात्र ओलांडतां येत नाहीं.

येथें एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. केवळ तोल साधला म्हणजे भागलें असें नाहीं. दोन जड पेट्या ट्रेलरच्या दोन टोकांस ठेवूनही गोळ्यावरील भार बरोबर आणतां येईल. परंतु असा ट्रेलर एकदां हलूं लागला, कीं थांबणें कठीण. दोन टोकांना जड डोकीं असलेला मुद्गल मध्यभागीं धरून मनगटानें गरगर फिरवून पाहावा, आणि मग एकाएकीं थांबवून पाहावा, म्हणजे कारण कळेल. जड वस्तु चाकांच्या आंसाजवळ आणि होईल तितक्या खालीं ठेवाव्या. टोकांना हलक्या वस्तु ठेवाव्या.

झोके सुरू झालेच तर चालकानें काय करावें? या क्षणीं स्वाभाविक बुद्धि तीन गोष्टी सुचविते, आणि तिन्ही घातक असतात. पहिली म्हणजे सुकाणूंनें प्रत्येक झोक्याला उलट उत्तर देणें. ट्रेलरचा एक झोका एकदोन सेकंदांचा असतो. डोळ्यांनीं तो पाहून हातांनीं चाक फिरवीपर्यंत तो परत फिरलेला असतो. म्हणजे रोखण्यासाठीं दिलेलें उत्तर नेमकें पुढच्या झोक्याला बळ देतें. झोपाळ्याला वेळेवर दिलेला धक्का जसा तो वाढवितो, तसेंच हें होय. दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या गाडीचा ब्रेक जोरानें दाबणें; त्यानें मागचें वजन पुढें लोटलें जातें आणि जोड मुडपते. तिसरी, वेग वाढवून ट्रेलरला ताणून सरळ करण्याची. ती कधीं साधल्यासारखी वाटते, पण मर्यादा जेथें आधींच ओलांडली आहे, तेथें आणखी वेग देणें म्हणजे आगींत तेल ओतणें. खरा उपाय दिसावयास अगदीं निष्क्रिय आहे: सुकाणूंचें चाक सरळ व घट्ट धरावें, आणि वेगाच्या पट्टीवरून पाय काढून घ्यावा. गाडी आपोआप मंदावते आणि झोके विरतात. अमेरिकेंतील पुष्कळ ट्रेलरांना विजेचे स्वतंत्र ब्रेक असतात, आणि ते चालकाला हातानें निराळे लावतां येतात. तसे असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावावे. मागचें ओझें मागें खेंचलें गेलें, कीं ओळ सरळ होते. नंतर सुरक्षित जागीं थांबून सामान पुन्हा लावावें. झोके थांबले म्हणून तसेंच पुढें जाणारे लोक कमी नाहींत! अलीकडच्या गाड्यांत असे झोके ओळखून चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, आणि ती फार उपयोगी आहे. पण उलाळ ट्रेलरला ती धुरजड करूं शकत नाहीं.

साखर कारखान्यांच्या हंगामांत कोल्हापूर-सांगलीकडे एका ट्रॅक्टरमागें उसानें भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या जातांना दिसतात. त्यांना पाहून कोणी म्हणेल, कीं एवढें ओझें जर जातें, तर होडीचें काय मोठेंसें? पण ट्रॅक्टरचा वेग अगदीं थोडा असतो. तेथील धोके निराळे आहेत. उतारावर न आंवरणें, रात्रीं न दिसणें. झोक्यांचा धोका वेगाबरोबर येतो.

आतां मोटारघराची स्वतःची अडचण. साध्या मोटारीचा गोळा मागच्या आंसापासून फार दूर नसतो. मोटारघराचा मागचा भाग मात्र चाकांच्या पलीकडे बराच लोंबता असतो, कारण तेथें खाट किंवा न्हाणी बसविलेली असते. आणि गोळा त्याच्याही टोकाला. ही एक तरफच होय, आणि मागचा आंस तिचा टेंकू. पुढच्या-मागच्या आंसांत चार मीटर अंतर आहे, आणि गोळा मागच्या आंसापासून अडीच मीटर मागें आहे असें समजूं. गोळ्यावर शंभर किलो भार ठेवला, तर मागच्या आंसावर शंभर नव्हे, १६२.५ किलो वाढतात, आणि पुढचा आंस ६२.५ किलोंनीं हलका होतो. त्यांत मागें सायकली टांगल्या, मागच्या टाकींत पाणी भरलें, कीं मागचा आंस मर्यादेबाहेर जातो, आणि सुकाणूंचीं चाकें रस्त्यावर हलकीं पडतात. युरोपांतील मोटारघरें मोठ्या संख्येनें फियाट ड्युकाटोसारख्या गाड्यांच्या सांगाड्यावर बांधलेलीं असतात, आणि तेथें इंजिनची शक्ति पुढच्याच चाकांना मिळते. तेव्हां जें चाक वळवितें तेंच ओढतें, आणि तेंच हलकें झालेलें असतें. या लांब शेपटीमुळें ट्रेलरच्या आडव्या हिसक्यालाही मोठी तरफ मिळते, हें निराळेंच.

म्हणून प्रवासापूर्वीं वजनकांट्यावर जाणें हा काटकसरीचा किंवा हौसेचा भाग नव्हे. टाक्या भरलेल्या, माणसें बसलेलीं, होडी जोडलेली, अशा स्थितींत प्रत्येक आंसाचें वजन निराळें घ्यावें आणि तें गाडीवरील पट्टीशीं ताडून पाहावें. पट्टीवर गाडीच्या स्वतःच्या मर्यादेबरोबर गाडी व ट्रेलर यांची मिळून मर्यादाही दिलेली असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे एक भरभक्कम प्रवासी. घरवाले भांडीं, पुस्तकें, खुर्च्या मोजतात आणि हा प्रवासी विसरतात.

जोडणीविषयीं दोन-तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. गोळा आणि पकड एकाच मापाचीं असावीं. युरोपांत गोळा ५० मिलिमीटरचा असतो. अमेरिकेंत तीन मापें सर्रास आढळतात, आणि त्यांतील दोन इंचांचें माप ५०.८ मिलिमीटर भरतें. नजरेला सारखीं वाटणारीं मापें सारखीं नसतात. मोठ्या पकडींत लहान गोळा बसतो, कुलूपही लागल्यासारखें वाटतें, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत पकड उडून निघते. जोडल्यावर ट्रेलरच्या पुढच्या टेंकूनें दांडी वर उचलून पाहावी. गाडीची शेपटीही तिच्याबरोबर उचलली गेली, तर पकड खरोखर बसली आहे. सुरक्षिततेच्या दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींस छेदून लावाव्या, म्हणजे पकड सुटलीच तर दांडी रस्त्यांत रुतून न बसतां साखळ्यांच्या झोळींत पडते. ब्रेक असलेल्या ट्रेलरला आणखी एक बारीक तार असते. ट्रेलर निसटला कीं ती ताणली जाऊन त्याचा ब्रेक आपोआप लागतो. ती तार गोळ्याच्या मानेभोंवतीं नुसती टाकून दिलेली कितीतरी ठिकाणीं दिसते. ती गाडीवरील पक्क्या कडींतच अडकविली पाहिजे.

युरोपांतील ट्रेलरचा ब्रेक मोठ्या युक्तीचा आहे. पुढची गाडी मंदावली, कीं मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो. त्या रेट्यानें दांडीचा सरकता भाग आंत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लावतो. परंतु घाटाच्या लांब उतारावर हा रेटा सतत चालू राहतो आणि ब्रेक तापतात. तेथें आरंभापासून खालचा गियर टाकून इंजिनलाच आवर घालूं द्यावा. ब्रिटनमध्यें ७५० किलोंहून अधिक कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणें कायद्यानें सक्तीचें आहे. वेगाचे नियम देशोदेशीं निराळे. ब्रिटनमध्यें ट्रेलर ओढतांना मोठ्या मार्गांवर ताशीं ६० मैल आणि साध्या एकपदरी रस्त्यांवर ५०. कॅलिफोर्नियांत ५५ मैल. ब्रिटनमधील ट्रेलरची वेगळी चालकपरीक्षा १६ डिसेंबर २०२१ पासून काढून टाकण्यांत आली. लोकांची सोय झाली खरी; पण पूर्वीं परीक्षक जें पाहत असे, तें आतां चालकाला स्वतःच पाहावें लागतें.

होडीच्या ट्रेलरची खरी कसोटी पाण्याच्या कांठीं लागते. होडीचें इंजिन मागच्या टोकाला असतें, म्हणून ती जन्मतःच उलाळपणाकडे झुकलेली. ती ट्रेलरवर पुरेशी पुढें ओढून, तिची नाळ पुढच्या टेंकूला घट्ट बांधून, मागची बाजूही स्वतंत्र पट्ट्यांनीं आवळावी. होडीच्या तळाचें बूच प्रवासांत काढून ठेवावें. पाऊस आंत सांचला आणि बूच बसविलेलें असलें, तर दोनशें लिटर पाणी म्हणजे दोनशें किलोंचें ओझें होतें, आणि तें चढावर सारें मागें धांवतें. काळजीनें साधलेला तोल एका क्षणांत जातो. मात्र पाण्यांत उतरण्यापूर्वीं तें बूच परत बसविण्यास विसरूं नये.

लांब प्रवासानंतर चाकांचीं बेअरिंगें तापलेलीं असतात. तशींच तीं थंड पाण्यांत बुडविलीं, तर आंतील हवा एकदम आकसते आणि पाणी आंत शोषलें जातें. वंगणांत पाणी मिसळतें, गंज चढतो. त्याचें फळ त्या दिवशीं नव्हे, पुढच्या एकाद्या प्रवासांत, भर रस्त्यांत चाक जाम होऊन किंवा निखळून मिळतें. म्हणून कांठावर पोंचल्यावर चाकें थंड होईपर्यंत चहा घ्यावा. समुद्राचें पाणी असेल, तर परत आल्यावर गोड्या पाण्यानें सारें धुऊन काढावें. दिव्यांच्या तारेची जोडणीही पाण्यांत उतरण्यापूर्वीं सोडवावी.

होडी उतरविण्याच्या उतरणीचा खालचा भाग बहुधा शेवाळलेला असतो. पुढच्या चाकांनीं ओढणारें मोटारघर तेथें सर्वांत दुबळें ठरतें: उतारामुळें वजन मागें गेलेलें, गोळ्याच्या भारानें पुढचीं चाकें आणखी हलकीं, आणि चढून येण्याचें काम त्याच चाकांवर. चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात आणि सारें बिऱ्हाड हळूहळू पाण्याकडे सरकतें. शिवाय उतरण सुरू होते तेथें लोंबती शेपटी जमिनीला घासते. ज्यांना हा अनुभव आहे, ते मोटारघर वर सपाटीवरच ठेवतात आणि होडीचा ट्रेलर नौकाक्लबाच्या ट्रॅक्टरला किंवा एकाद्या चारही चाकांनीं ओढणाऱ्या गाडीला जोडून खालीं नेतात. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. तशी सोय नसेल आणि मोटारघरानेंच जाणें भाग पडलें, तर मुलेंमाणसें आधीं खालीं उतरवावीं, आणि गाडी थांबल्यावर चाकांमागें ठोकळे लावावे. नाळेचा पट्टा होडी पाण्यावर येईपर्यंत सोडूं नये. घाईनें सोडलेली होडी ट्रेलरच्या रुळांवरून घसरून कोरड्या काँक्रीटवर आपटते.

मागें घेण्याची कला सरावानेंच येते. एक युक्ति मात्र नवशिक्याला फार उपयोगी पडते. सुकाणूंच्या चाकाचा अगदीं खालचा भाग हातांत धरावा. हात ज्या बाजूस न्याल, त्या बाजूस ट्रेलरची शेपटी जाते. आश्चर्य असें, कीं लहान ट्रेलर मोठ्यापेक्षां आवरण्यास कठीण. आंखूड दांडीचा ट्रेलर पाहतां पाहतां मुडपतो. अमेरिकेंत मोठ्या मोटारघरामागें लहान मोटार चारही चाकांवर ओढून नेतात. ती तर मागें घेतांच येत नाहीं, तिचीं पुढचीं चाकें भलतीकडे वळून अडकतात. तेथें खालीं उतरून जोड सोडविणें हाच मार्ग.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरांनीं एकदां थांबावें. पट्टे सैल झाले असल्यास आवळावे, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांहून बरेंच अधिक तापलें असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे. परतीच्या प्रवासांतही गोळ्यावरील भार पुन्हा मोजावा, कारण निघतांनाचें ओझें आणि परततांनाचें ओझें सारखें नसतें. होडीच्या टाकींतील इंधन संपलेलें असतें, दोर आणि तंबू भिजून जड झालेले असतात, आणि पुढच्या पेटींतलें सामान थकलेल्या हातांनीं मागें कोठेंतरी फेंकलेलें असतें. लहान ट्रेलरचा भार मोजण्यास घरांतील माणसें तोलण्याचा सपाट कांटा पुरतो. ट्रेलर सपाटीवर उभा करून, त्याच्या चाकांना ठोकळे लावून, दांडीच्या पकडीखालीं कांट्यावर एक लांकडी ठोकळा ठेवावा, आणि दांडी प्रवासांत असते तितक्याच उंचीवर आणून आंकडा वाचावा.